सदाफुलीची पानं आणि कॅन्सरचं इंजेक्शन

आपल्या धाराशिव भागात सदाफुली अंगणोअंगणी दिसते. 'शुगर उतरते' म्हणून काही जण तिची पानं चावून खातात, काही काढा करून पितात. तुम्हीही घेत असाल, तर हा इतिहास वाचाच.

1950च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी याच समजुतीची परीक्षा घेतली. पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला; साखर उतरली नाही. तोच अर्क टोचल्यावर मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच विनब्लास्टिन आणि पुढे विनक्रिस्टिन ही कॅन्सरवरची औषधं मिळाली.

अडचण एकच होती. टनभर वाळलेल्या पाल्यात विनक्रिस्टिन असतं जेमतेम काही ग्रॅम, तेही इतर अनेक द्रव्यांत मिसळलेलं. ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढणं हे रसायनशास्त्रज्ञाचं काम.

डॉ. ए. व्ही. रामाराव मूळचे गुंटूरचे, शिकले मुंबईच्या यूडीसीटीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. के. वेंकटरामन यांच्या हाताखाली त्यांनी लाखेच्या लाल रंगाची रचना उलगडण्याचं काम केलं. त्याचा कुणाला काय उपयोग, असं तेव्हा वाटलं असतं. पण वनस्पती आणि किड्यांमधली गुंतागुंतीची द्रव्यं वेगळी कशी करायची, हे त्यांचा हात अशाच कामात शिकला. 1980च्या दशकात एनसीएल आणि सिप्ला यांच्या सहकार्याने ही दोन्ही औषधं भारतात तयार झाली. रामाराव 1985 मध्ये संचालक म्हणून हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे एचआयव्हीवरच्या झिडोव्हुडिनची देशी पद्धत विकसित झाली, तेही सिप्लाने बाजारात आणलं. 2016 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला.

लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही विनक्रिस्टिन देतात. ते वाढणाऱ्या पेशींचं विभाजन थांबवतं. त्याचा डोस मोजूनमापून, फक्त शिरेतून देतात. तरीही हातापायांना मुंग्या येणं, बद्धकोष्ठता असे त्रास होऊ शकतात.

आता काढ्याचा विचार करा. कपात कोणतं द्रव्य किती उतरलं, हे तुम्हाला कळत नाही आणि मलाही सांगता येणार नाही. म्हणून मधुमेहाची गोळी बंद करून सदाफुली घेऊ नका. गरोदर असाल तर अजिबात नको. आणि घरात कुणाला कॅन्सर असेल, तर पाल्यावर वेळ न घालवता बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी तपासणी करून घ्या. सदाफुलीतलं खरं औषध तिथे मोजून मिळतं.