फर्माईश कोणाची?

मामा गेल्यावर त्याच्या खडकीच्या घरातून माझ्या वाट्याला एक वही आली. लांबट, हिशेबाची असते तशी. १९६१ ते १९६६ या काळातल्या जवळजवळ प्रत्येक बुधवारची नोंद तिच्यात आहे : रेडिओ सिलोनवरच्या ‘बिनाका गीतमाला’त कोणते गाणे कितव्या पायदानावर होते, किती चढले, किती उतरले. रेडिओच्या इतिहासाची कागदपत्रे मी गेली वीस वर्षे जमवतो आहे. तरी या वहीने माझे एक आवडते मत मोडीत काढले.

ते मत बहुतेकांचे असते. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पुरस्कर्ते, आणि सिनेसंगीत त्यांना अभिरुची बिघडवणारे वाटे. आकाशवाणीने चित्रपटगीतांना कात्री लावली. गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, म्हणून तेही बंद केले. निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगी काढून घेतली. श्रोत्यांनी काटा सिलोनकडे फिरवला. ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘गीतमाला’ सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. म्हणजे श्रोत्यांनी सरकारला नमवले! व्याख्यानांत मीही हेच सांगत आलो.

हे खोटे नाही, पण अर्धे आहे. सिलोनचा लघुलहरींचा प्रक्षेपक दुसऱ्या महायुद्धातला, सैनिकांसाठी उभारलेला. ‘गीतमाला’ मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि पैसा टूथपेस्टचा असे. पेस्ट विकणाऱ्याला ऐकणारे किती आहेत हे मोजायचे होते आणि मोजायला हाताशी होते फक्त टपालखाते. म्हणून सुरुवातीला सात गाणी वाजवून श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावायचा, अशी शंभर रुपये बक्षिसाची स्पर्धा होती. अमीन सायानी सांगत, पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेली. ढीग आवरेना, तेव्हा स्पर्धा थांबवून क्रमवारी आली. ती तबकड्यांच्या विक्रीवर आणि फर्माईशींवर ठरे. विक्रीचे आकडेही फुगवता येतात हे कळल्यावर गावोगावच्या श्रोता संघांची मते घेतली जाऊ लागली.

इथे मामाची वही बोलू लागते. तिच्या मागच्या पानांवर पाठवलेल्या कार्डांची यादी आहे : तारीख, कार्यक्रम, गाणे, नावे. एका कार्डावर आठ-दहा नावे. घरातली सगळी, शेजारची दोन मुले, अमुक श्रोता संघाचे अध्यक्ष म्हणून स्वतः मामा. त्या संघाचे सभासदही तेच. अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तलैया फर्माईशींमुळे देशभर माहीत झाले, ते याच मार्गाने. रेडिओ नावे वाचतो, म्हणून लोक नावे पाठवू लागले. नावे येतात, म्हणून रेडिओ आणखी वाचू लागला. उद्योगाला मोजता येईल असा श्रोता हवा होता, आणि माझा मामा हौसेने तसा श्रोता झाला.

यादीत सर्वांत जास्त वेळा आलेले नाव आईचे. मी वही घेऊन तिच्याकडे गेलो. ती आता ऐंशीच्या घरात आहे.

“आई, तू इतक्या फर्माईशी करायचीस?”

“मी कसल्या करते? दादाच माझं नाव घालायचा. मुलीचं नाव असलं की लवकर वाचतात म्हणे. मला कोणी विचारलंय?”

“मग तुला काय आवडायचं?”

तिने क्षणाचाही वेळ न लावता ‘गीतरामायण’ म्हटले. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीते. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. आई तेव्हा नऊ वर्षांची. आजी रेडिओला हळद-कुंकू वाहायची, हे तिला लख्ख आठवते. ज्या केसकरांच्या आकाशवाणीकडे श्रोत्यांनी पाठ फिरवली असे मी लिहीत होतो, त्याच आकाशवाणीसमोर आमचे घर हात जोडून बसले होते. त्यासाठी कोणी कार्ड टाकले नाही. मामाच्या वहीत त्याची एक ओळही नाही.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. सिलोनने शिकवलेली मोजणी सरकारी रेडिओनेही आपलीशी केली. पुढे टेलिव्हिजनने हेच केले, आज मोबाइल करतो. साधने बदलली. खूण करणाऱ्याची आवड नोंदली जाते आणि ऐकता ऐकता भाकरी थापणारीची राहून जाते, हे बदललेले नाही.

माझ्या जुन्या लेखांत ‘श्रोत्यांची मागणी’ हा शब्दप्रयोग जागोजागी आहे. आता मी तो खोडून ‘पत्रे लिहिणाऱ्यांची मागणी’ असे करतो आहे. मामाच्या वहीत एक कोरे पान उरले होते. त्यावर आईला विचारून तिची पाच गाणी लिहून ठेवली आहेत. क्रम तिने लावू दिला नाही.