बेर्नार्दो काल्देरोनची विधवा

इ. स. १६४८ मध्ये मेक्सिको शहरात एक स्पॅनिश ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेपेयाक टेकडीवर १५३१ साली हुआन दिएगो या भाविकाला पवित्र मरियेचे दर्शन घडले, त्याची सविस्तर हकिकत छापील स्वरूपात लोकांपुढे आली ती या ग्रंथाद्वारे प्रथमच. ग्रंथकर्ते होते मिगेल सांचेस नावाचे धर्मगुरू. ग्वादालुपे मातेच्या भक्तीचा इतिहास सांगणारे सांचेस यांचे नाव आवर्जून घेतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या ग्रंथाच्या शीर्षकपानावर तळाशी आणखी एक ओळ आहे. ग्रंथ 'बेर्नार्दो काल्देरोन यांच्या विधवेच्या छापखान्यात' छापला, असे ती सांगते. सान आगुस्तीन रस्त्यावरील तिच्या दुकानात तो विकत मिळेल, हेही वाचकाला कळवते. या विधवेचे स्वतःचे नाव मात्र तेथे नाही.

तिचे नाव पाउला दे बेनाविदेस. १६४० च्या सुमारास पती निवर्तल्यापासून १६८४ मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे तिने हा छापखाना चालविला आणि तो सतराव्या शतकातील मेक्सिकोच्या अग्रगण्य छापखान्यांत नेऊन बसविला. प्रकाशन व्यवसायातील कर्तबगार स्त्रियांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. त्या चर्चेत पाउलाचा उल्लेख क्वचितच आढळतो, म्हणून आम्ही तिची ओळख वाचकांना करून देत आहोत.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मेक्सिकोत छापखाना आला १५३९ मध्ये. बिशप हुआन दे सुमार्रागा यांना तेथील लोकांच्या नाहुआतल भाषेत धर्मशिक्षणाची पुस्तके हवी होती. सेव्हिल येथील मुद्रक हुआन क्रोम्बेर्गर यांनी हुआन पाब्लोस या मूळच्या इटालियन कारागिराशी करार करून त्याला यंत्रासह समुद्रापार पाठविले. या करारात पाब्लोसच्या पत्नीचाही उल्लेख आहे. हेरोनिमा गुतिएर्रेस हिने घराची सर्व व्यवस्था पाहावी आणि त्याबद्दल तिला अन्नापलीकडे काही वेतन मिळू नये, असे त्यात ठरले होते! अमेरिका खंडातील पहिल्या छापखान्याचा संसार अशा बिनपगारी श्रमांवर उभा राहिला. त्याच वर्षी नाहुआतल व स्पॅनिश या दोन्ही भाषांतील धर्मशिक्षणाचे छोटे पुस्तक तेथून बाहेर पडले. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही.

पुढे पाब्लोसच्या मुलीचा विवाह पेद्रो ओचार्ते या मुद्रकाशी झाला. तिच्या निधनानंतर ओचार्तेने मारिया दे सान्सोरिकशी लग्न केले. १५७२ मध्ये पाखंडी मतांच्या संशयावरून इन्क्विझिशनने ओचार्तेला तुरुंगात टाकले, तेव्हा छापखान्याचे काम थांबू दिले नाही ते या मारियेने. नवरा तुरुंगातून छपाईसंबंधी सूचना लिहून पाठवी आणि बाहेर ती त्या अमलात आणी. ओचार्तेच्या मृत्यूनंतरची काही पुस्तके 'पेद्रो ओचार्तेची विधवा' या नाममुद्रेने निघाली.

वाचकांना प्रश्न पडेल, की सर्वत्र 'विधवा'च का? याचे उत्तर स्पेनच्या कायद्यात आहे. सधवा स्त्रीला करारमदार करायचा तर नवऱ्याची अनुमती लागे. विधवेला ती अट नव्हती. शिवाय संसारकाळात दोघांनी मिळविलेल्या मालमत्तेचा अर्धा वाटा तिच्या हक्काचा असे. म्हणजे खिळे, यंत्र, कागद, दुकान यांवर तिची सत्ता चाले व ती स्वतःच्या सहीने व्यवहार करू शके. वैधव्य हे आपल्याकडे स्त्रीचे सर्वस्व हिरावून घेणारे मानले गेले. तेथे, निदान कारागिरांच्या घरांत, दुःखाबरोबर अधिकारही हाती येत असे. पाउलाने पुन्हा लग्न केले नाही. तिच्या मनातले आम्ही कसे सांगावे? पण पुनर्विवाह केला असता तर हा अधिकार नव्या नवऱ्याबरोबर वाटून घ्यावा लागला असता, एवढे खरे.

पदरी सहा मुले आणि छापखाना घेऊन तिने सुरुवात केली. पहिल्याच काळात तिने व्हाइसरॉयकडून एक मक्ता मिळविला, तो म्हणजे 'कार्तिया' छापण्याचा. कार्तिया म्हणजे अंकलिपी. थोड्याच पानांची ही पुस्तिका. त्यात अक्षरे, बाराखडीसारखी जुळणी आणि रोजच्या प्रार्थना. विद्वानांचे जाड ग्रंथ वर्षानुवर्षे दुकानात पडून राहत, पण अंकलिपी पोरांच्या हातांत फाटून जाई आणि पुन्हा विकत घ्यावी लागे. छापखान्याचा चुलीपुरता पैसा त्यातून येत राही, आणि मोठ्या ग्रंथांचे धाडस करता येई. ज्यांनी कधी मासिक वा पुस्तक चालविले आहे, त्यांना या हिशेबाचे मोल सांगायला नको. कागद तर बहुतांशी युरोपातून जहाजाने येत असे. जहाजांना उशीर झाला की छापखान्याला झळ लागे.

या पैशावर तिने काय छापले? सांचेस यांचा ग्रंथ वर आलाच. प्रवचने, नोव्हेना, धर्मगुरूंसाठी मार्गदर्शिका, सरकारी आदेश, विद्यापीठातील प्रबंध हे नित्याचे काम होते. कार्लोस दे सिग्वेन्सा इ गोंगोरा या थोर विद्वानाची पुस्तके येथून निघाली. सोर हुआना इनेस दे ला क्रूस या कवयित्री धर्मभगिनीने मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणासाठी कॅथेड्रलमध्ये गायची गीते रचली, ती १६७६ मध्ये याच छापखान्यात छापली गेली. गीते रचणारी एक स्त्री आणि खिळे जुळवून घेणारी दुसरी, हा योग त्या काळाच्या मानाने विरळाच.

आता एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. ११ एप्रिल १६४९ रोजी मेक्सिको शहरात इन्क्विझिशनचा मोठा जाहीर सोहळा झाला. त्यात तेरा माणसांना अग्नीच्या स्वाधीन करण्यात आले. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्या सोहळ्याचा अधिकृत वृत्तांत मातियास दे बोकानेग्रा या येशूसंघीय धर्मगुरूंनी लिहिला आणि तो छापला गेला काल्देरोनच्या घरात. मुद्रक म्हणून नाव आहे पाउलाचा मुलगा अंतोनियो याचे, 'इन्क्विझिशनचा मुद्रक' या बिरुदासह. अंतोनियो तेव्हा विशीतही नव्हता. पुढे तो धर्मगुरू झाला. मरियेच्या दर्शनाचा ग्रंथ आणि या दहनाचा वृत्तांत यांमध्ये फार तर एका वर्षाचे अंतर आहे. त्याच घरातले खिळे, तेच जुळारी. काही लेखक या कुटुंबाचे कौतुक करताना हे पान उलटून पुढे जातात. आम्हांला ते मान्य नाही. इन्क्विझिशनचे काम म्हणजे नियमित उत्पन्न आणि मानही होता, आणि ते नाकारण्याची प्राज्ञा त्या काळी कोणा मुद्रकाची नव्हती, हे आम्ही जाणतो. पण मक्ता मिळविण्याइतकी धोरणी असलेली स्त्री आपल्या दारातून काय बाहेर पडते आहे हे जाणत नव्हती, असेही म्हणवत नाही. सत्याच्या रक्षणासाठी म्हणून झालेल्या अत्याचारांबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या वतीने देवाकडे क्षमायाचना केली. त्या अत्याचारांत छापखान्याचाही वाटा होता.

इन्क्विझिशन म्हटले की आपल्या वाचकांना गोवा आठवतो. छापखान्याच्या बाबतीतही गोव्याशी तुलना उद्बोधक ठरते. गोव्यात सेंट पॉल कॉलेजात १५५६ मध्ये यंत्र बसले. ते चालविणारे येशूसंघीय ब्रदर हुआन दे बुस्तामान्ते हेही स्पॅनिशच होते. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, आणि त्याची दुसरी आवृत्ती १६४९ मध्ये, म्हणजे पाउलाच्या उमेदीच्या काळातच निघाली. परंतु गोव्यातील मुद्रण मुख्यत्वे धर्मसंघांच्या हाती राहिले. काही प्रापंचिक मुद्रक होऊन गेले, पण पिढ्यान्‌पिढ्या तो धंदा करणारे घराणे तेथे रुजले नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. तोपर्यंत गोव्यातील छपाई मंदावलीच होती, ती पुढे बंद पडली आणि १८२१ पर्यंत गोव्यात छापखाना उरला नाही. राजसत्तेची वृत्ती हे त्याचे मोठे कारण. पण आमच्या मते, ज्याच्यावर कोणाची चूल पेटते असा छापखाना तेथे नव्हता, हेही एक कारण असावे.

पाउला वारली तीही १६८४ मध्येच. तिचे यंत्र मात्र थांबले नाही. त्यानंतरच्या पुस्तकांवर 'बेर्नार्दो काल्देरोन यांच्या विधवेचे वारस' अशी मुद्रा दिसते. नाव नसलेली ही विधवाच आता पेढीचे नाव झाली होती! तिची मुलगी मारिया दे बेनाविदेस हिने मुद्रक हुआन दे रिबेरा याच्याशी लग्न केले होते. तीही विधवा झाली आणि १७०० पर्यंत तिने आपला छापखाना चालविला. तिच्या पुस्तकांवर आधी तिचे स्वतःचे नाव येते, मग 'हुआन दे रिबेराची विधवा'. तिच्या मुलाची, मिगेलची पत्नी हेर्त्रूदिस दे एस्कोबार हिच्यावरही हीच पाळी आली. १७०७ पासून तिने काम सांभाळले. तिची मुद्रा मात्र पुन्हा नुसतीच 'विधवा'. जानेवारी १७२२ मध्ये धर्मगुरू हुआन इग्नासियो कास्तोरेना यांनी 'गासेता दे मेक्सिको' हे मासिक वृत्तपत्र सुरू केले. मेक्सिकोतील ते पहिले नियतकालिक. त्याचे सहा अंक निघाले, आणि ते हेर्त्रूदिसच्या वारसांच्या छापखान्यात छापले गेले. कास्तोरेना पुढे युकातानचे बिशप झाले.

१७३२ पासून १७५४ पर्यंत हे घर पाउलाच्या पणतीकडे होते. उपासनाग्रंथ छापण्याचा अधिकार तिच्याकडे होता, सरकारी कामही तिच्याकडेच येई. कॅथेड्रलशेजारच्या एम्पेद्रादियो रस्त्यावरील तिच्या छापखान्यातून निघणाऱ्या पुस्तकांच्या शीर्षकपानावर तळाशी छापलेले असे: 'दोन्या मारिया दे रिबेरा'. त्यापुढे कोणाची विधवा, कोणाची मुलगी, असे काही नसे.