आधी टायर, मग मोटर

औंधला यमाईच्या डोंगराच्या अंगाला आम्ही चौघं रिमोटच्या गाड्या पळवतो. हातभर लांबीच्या, बॅटरीवरच्या बग्ग्या. खाली कडक मुरूम, वर बोटभर धुरळा. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावानं साठवलेले पैसे उसने घेऊन मी कमी वेढ्यांची ब्रशलेस मोटर आणली. वेढे म्हणजे आतल्या तारेचे. विहिरीवरची मोटर जळली की आपण रिवाइंडिंगला नेतो, तेच. वेढे कमी असले की मोटर जास्त फेरे घेते. पहिल्याच वळणावर मागची चाकं धुरळ्यात भिरभिरली आणि गाडी उलटली. भाऊ काही बोलला नाही. तेच लागलं.

या खेळाचा इतिहास वाचायला बसलो तो त्यानंतर. 1979 मध्ये जपानच्या तामियानं ‘सँड स्कॉर्चर’ काढली. नावातच वाळू. 1984 मध्ये कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेडनं ‘आरसी10’ आणली आणि मातीतली शर्यत गंभीर झाली. पुढे ब्रशलेस मोटरी आल्या. आज ताकद विकत मिळते, पण ती जमिनीला टेकवायचं काम टायरचं. भुसभुशीत मातीत उंच, विरळ काटे रुततात. कडक जमिनीवर तेच काटे वाकतात आणि गाडी डुलते, तिथं बुटके, दाट काटे लागतात. आमच्याकडे एकाच वळणात दोन्ही जमिनी!

हा प्रश्न औंध संस्थानाला नवा नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. (गंमत म्हणजे त्याच वर्षी डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं.) नंतर त्यांनी लोखंडी नांगर केला आणि दोन वर्षं तो कुणी घेईना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि नाग यांचं राज्य असलेला. 1910 मध्ये तिथं कारखाना उभा राहिला, तीच आजची किर्लोस्करवाडी. तो माळ आज सांगली जिल्ह्यात आणि औंध गाव साताऱ्यात, पण तेव्हा संस्थान एकच.

विषाची गोष्ट सांगताना लोक त्या शेतकऱ्यांना हसतात. मला हसू येत नाही. नांगर फसला तर त्यांचा अख्खा हंगाम जाणार होता. आपल्या मातीत हे अवजार काय करेल, हे विचारायचा त्यांना हक्क होता. मी मात्र खोक्यावरचा आकडा बघून मोटर घेतली होती.

मोटरीचंही तसंच. 1929 मध्ये गांधीजींच्या चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं. अटी कडक: किंमत दीडशे रुपयांच्या आत, आणि यंत्र वीस वर्षं टिकलं पाहिजे. किर्लोस्करांनीही यंत्र पाठवलं, पण ते अटींत बसलं नाही. हातात पाना धरून बसलो की मला ती अट आठवते. जुन्या ब्रशवाल्या मोटरीतले कार्बन झिजतात, पण ज्या मोटरी उघडता येतात त्यांत ते घरी बदलता येतात. ब्रशलेसमध्ये झिजायला कार्बनच नाहीत, ताकद चांगली, पण तिचा कंट्रोलर जळला तर औंधमध्ये इलाज नाही.

शेवटी ती मोटर मी एकाला विकली. आलेल्या पैशांत साडेसतरा वेढ्यांची जुनी ब्रशलेस आली आणि मागच्या चाकांना बुटक्या काट्यांचे दोन जोड, एक मऊ रबराचा, एक कडक. टायरच्या आत स्पंजची रिंग बसवली, कडा रिमला गोंदानं चिकटवल्या. सुरुवातीच्या सरळ पट्ट्यावर मी अजूनही मागे पडतो. वळणावर पुढे जातो.

भावाचे चारशे रुपये अजून बाकी आहेत. ते फिटेपर्यंत रविवारची पहिली फेरी तो चालवतो, असं ठरलंय. गेल्या रविवारी त्यानं टायर न बदलताच गाडी सोडली आणि मला विचारलंही नाही.