चुकलेल्या ठोक्याचे व्याकरण

मराठी कथा-कादंबऱ्यांतील पात्रांच्या काळजाचा ठोका वारंवार चुकतो. तो चुकतो कसा, हा प्रश्न आम्हां समीक्षकांना सहसा पडत नाही. १८९९ साली कारेल फ्रेडरिक वेंकेबाख या डच डॉक्टरने तो एका स्त्रीच्या अनियमित नाडीला विचारला.

विलेम आइंथोव्हेनचे हृदयाचा विद्युत्-आलेख टिपणारे उपकरण तेव्हा यायचे होते. वेंकेबाखपाशी होती ती मनगटाच्या नाडीची कागदावर उमटलेली रेषा. तीत ठोके गटागटाने येत आणि प्रत्येक गटानंतर विराम पडे. विरामानंतरचे पहिले अंतर मोठे, पुढची आखूड होत जाणारी. विराम मात्र दोन अंतरांच्या बेरजेहून लहान. एवढ्यावरून त्याने ताडले, की हृदयाचे वरचे कप्पे नियमित चालत आहेत. त्यांचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचण्यास दर ठोक्याला अधिक वेळ लागतो, अखेर एक संदेश पोहोचतच नाही, आणि त्या विश्रांतीनंतर क्रम नव्याने सुरू होतो. विलंब वाढत असता ठोके जवळ कसे येतील? विलंब वाढतो, पण त्यात पडणारी भर घटत जाते: समजा, आधी १० शतांश सेकंदांची, मग ५ची, मग २ची. यतिभंग आणि यती यांतला भेद जाणणाऱ्याला या वाचनाचे मोल सांगायला नको. संदेश जिथे रेंगाळतो ती गाठ सुनाओ तावारा याने १९०६ साली, म्हणजे सात वर्षांनी, दाखवून दिली.

वेंकेबाखने या गटांना नाव दिले ते लुईजी लुचानीचे. कारण बेडकाच्या हृदयात ठोक्यांचे असे गट लुचानीने १८७३ साली पाहिले होते. हे सौजन्य पुढच्यांनी जुमानले नाही. आलेखावर आज नाव चालते ते वेंकेबाखचेच.

१९२४ साली वोल्डेमार मोबिट्झने विद्युत्-आलेखाच्या आधारे गळणाऱ्या ठोक्यांचे दोन प्रकार केले. वेंकेबाखचा तो पहिला. तो बहुधा निरुपद्रवी असतो. कसलेल्या धावपटूंच्या हृदयात झोपेत सहज आढळतो. दुसऱ्यात मात्र संदेशवहन पुरतेच बंद पडण्याची भीती असते, आणि अनेकदा पेसमेकर बसवावा लागतो. म्हणून ही वर्गवारी आमच्या अलंकारांच्या पोटभेदांसारखी केवळ परीक्षेपुरती नाही. कागदावर पाहायचे असते ते एवढेच, की गळालेल्या ठोक्याआधी विलंब वाढत होता की नव्हता.