अफूचा उतारा

चारठाण्याचीं प्राचीन देवालयें पाहून पूर्वजांची थोरवी गावी, हें योग्यच आहे. परंतु घरोघरच्या औषधाच्या डबींतही इतिहास असतो, हें आपण विसरतों. रडणारें मूल निजावें म्हणून त्यास अफूची बाळगोळी देण्याची चाल महाराष्ट्रांत होती. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांची स्थिति पाहण्यासाठीं नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनीं १९२२ सालच्या अहवालांत तिची नोंद केली आहे. आईस दोष देणें सोपें आहे. पण दिवसभर यंत्रापुढें उभ्या राहणाऱ्या बाईचें तान्हें सांभाळणार कोण?

अफूच्या व्यापाराची कथाही अशीच अवघड आहे. माळव्याची अफू मुंबईंतून चीनला जाई. कंपनी सरकारचा कर चुकवूं पाहणारे ती कराचीमार्गें पोर्तुगीजांच्या दमणास नेत. १८४३ सालीं सिंध इंग्रजांच्या हातीं गेला व ती वाट बंद झाली. सर जमशेटजी जिजीभाईंच्या संपत्तींत या व्यापाराचा मोठा वांटा होता, आणि त्यांच्याच देणगींतून १८४५ सालीं मुंबईचें रुग्णालय उघडलें. विष आणि औषध एकाच थैलींतून निघालें म्हणावयाचें!

खरा उतारा मात्र उशिरां सांपडला. कोडीनपासून बनविलेलें एक द्रव्य मॉर्फीनचा परिणाम उलटवितें, असें युलियस पोल यांनीं १९१५ सालीं दाखविलें. त्याकडे कित्येक वर्षें कोणी फारसें पाहिलें नाहीं. १९६१ सालीं अमेरिकेंत लेव्हेन्स्टाइन व फिशमन यांनीं नॅलोक्झोनच्या पेटंटासाठीं अर्ज केला. मेंदूंत अफूचें सत्त्व जेथें जाऊन बसतें तेथून त्यास हुसकून हें द्रव्य स्वतः ती जागा अडवितें, आणि मंदावलेला श्वास पुनः चालूं लागतो. प्रयोगशाळेंत त्याचा दुसराही उपयोग झाला. १९७३ सालीं कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनीं किरणोत्सर्गी नॅलोक्झोन वापरून मेंदूंतील त्या जागा सिद्ध केल्या. १९७५ सालीं ह्यूजेस व कॉस्टरलिट्झ यांस मेंदूंतच अफूसारखीं कार्य करणारीं द्रव्यें सांपडलीं, आणि नॅलोक्झोननें त्यांची क्रिया थांबते हीच त्यांची ओळख ठरली.

या उताऱ्याचा अंमल बहुधा अफूच्या अंमलापूर्वींच ओसरतो. म्हणून रुग्णानें डोळे उघडले तरी त्यास एकटें सोडतां येत नाहीं. बाळगोळीच्या बाबतींतही आम्हांस हेंच वाटतें: नुसती मनाई करून भागत नव्हतें, पाळण्यापाशीं कोणी बसणारें हवें होतें.