चहा कोण करणार?

बरेच विकांत इकडे काही लिहिलं नाही. कारण घरचंच होतं. दिवाळीच्या आधी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. बारा दिवसांनी डिस्चार्ज मिळाला तेव्हा कागदावर सगळं ठीक होतं. बीपी ठीक, शुगर ठीक, काठी घेऊन चार पावलं चालणंही ठीक. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट केसेस पास! आणि घरी आल्यावर पहिल्याच सकाळी सिस्टिम कोसळली. उजव्या हाताने शर्टाचं बटण लागेना, पोळीचा तुकडा मोडेना, मोरीत स्टुलावर बसायचं तर दोघांनी धरावं लागे.

मग आम्ही काय केलं? कुठलंही प्रेमळ कुटुंब करेल तेच. सगळी कामं त्यांच्या हातून काढून घेतली. आई भरवायची, मी कपडे चढवायचो. गेली कित्येक वर्षं घरातला पहाटेचा चहा बाबांच्या हातचा असायचा. तोही आईच करायला लागली. बाबा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहायचे.

शेवटी फिजिओथेरपिस्टनेच सुचवलं, एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. मराठीत याला 'व्यवसायोपचार' म्हणतात. ते ऐकून बाबा म्हणाले, "अरे, रिटायर झालोय मी. आता कसला व्यवसाय लावताय मला?" बऱ्याच दिवसांनी त्यांनी विनोद केला होता.

त्या मॅडम घरी आल्या. रिपोर्टची फाईल त्यांनी वाचली, पण पहिला प्रश्न वेगळाच विचारला. "काका, घरातलं कुठलं काम तुमचं होतं?" दोन महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

हा प्रश्न आला कुठून, म्हणून शोधायला बसलो तर एक भारी गोष्ट सापडली. या विद्येच्या संस्थापकांपैकी एक चक्क पेशंट होता! जॉर्ज एडवर्ड बार्टन हा अमेरिकन वास्तुविशारद. आधी क्षयरोग, मग गँगरीनमुळे डाव्या पायावर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर शरीराची डावी बाजू लुळी पडली. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी त्याने १९१४ साली एक घर घेतलं, त्याला 'कन्सोलेशन हाऊस' असं नाव दिलं आणि स्वतःवरच प्रयोग सुरू केले. सुतारकाम, बागकाम, जे जमेल ते. त्याला पडलेला प्रश्न साधा होता. आजार संपला म्हणून माणसाला घरी पाठवतात, पण त्या घरात त्याने जगायचं कसं?

त्याच घरात मार्च १९१७ मध्ये मोजकी माणसं जमली आणि त्यांनी या विषयाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्यांत विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ होते, हस्तकला शिकवणाऱ्या सुझन कॉक्स जॉन्सन होत्या, थॉमस किडनर नावाचा आणखी एक वास्तुविशारद होता. पुढच्याच महिन्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जखमी सैनिकांसाठी अशा कामाची माणसं एकदम हवीशी झाली.

त्या बैठकीतल्या एलिनॉर क्लार्क स्लेगल मला सगळ्यात जवळच्या वाटल्या. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रुग्णांसाठी त्यांनी सवयींचं प्रशिक्षण सुरू केलं. ठरल्या वेळी उठणं, तोंड धुणं, केस विंचरणं, कपडे घालणं, जेवणं, थोडं काम, थोडा खेळ. सगळ्या दिवसाचं वेळापत्रक. म्हणजे औषध काय, तर दिवस!

पुढे डॉक्टरांनी दिवस मोजायलाही घेतला. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली सहा गोष्टींची एक यादी छापली. आंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. लहान मूल या गोष्टी ज्या क्रमाने शिकतं, साधारण त्याच क्रमाने आजारी माणसाला त्या परत येतात, असं त्यांना दिसलं. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैसे अशी आठ गोष्टींची दुसरी यादी दिली. घरात राहायचं तर पहिली यादी पुरत नाही, हे त्यामागचं साधं शहाणपण.

आता आपल्याकडे. न्यू जर्सीत वाढलेल्या एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या आणि मुंबईत राहिल्या. चाळिशी ओलांडल्यावर त्या अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकून आल्या आणि १९५० साली त्यांनी केईएम रुग्णालयात भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. (लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई.) १९५२ मध्ये जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. पंच्याहत्तर वर्षं मुंबईत शिकवलं जाणारं हे शास्त्र, आणि मला शब्द कळला तो बाबा पडल्यावर. असो.

तर चहा. मॅडमनी बाबांना ओट्याशी नेलं आणि अर्धा तास नुसतं बघत टिपणं काढली. मग कामाचे तुकडे पाडले. उभं राहून दमतात, म्हणून उंच स्टूल. भरलेलं पातेलं उचलायचं नाही, ओट्यावरून सरकवायचं. गरम पातेलं वाकडं करण्याऐवजी छोट्या डावाने चहा गाळणीत ओतायचा. कप घसरू नये म्हणून खाली रबरी जाळी. डावा हात मुख्य, उजवा मदतनीस. शर्ट घालताना आधी दुखरा हात, काढताना शेवटी. कुठेही जादू नव्हती. बाबांचा हात तसाच होता, फक्त काम त्याला जमेल असं बदललं होतं.

आणि आम्हाला एक काम दिलं, जे सगळ्यात अवघड निघालं. मध्ये पडायचं नाही. पहिल्या दिवशी साखर सांडली, दूध उतू गेलं. आई दोनदा उठली आणि दोनदा परत बसली. चाळीस मिनिटं लागली. मी माझे हात मांडीखाली दाबून बसलो होतो. आपण ज्याला सेवा म्हणत होतो, तिने बाबांचा दिवसच काढून घेतला होता, हे मला त्या चाळीस मिनिटांत कळलं.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टबद्दल जरूर चौकशी करा. आणि तोवर निदान त्यांचं काम कुठलं होतं, ते विचारा.

आज रविवार. साडेसहाला स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. आई हॉलमध्ये पेपर वाचत होती. ती जागची हलली नाही.