कोळसा, औषधी

कोळसा, औषधी : लाकूड, नारळाची करवंटी यांसारखे कार्बनी पदार्थ हवेच्या अभावी तापवून व नंतर सक्रियित करून तयार केलेल्या, औषधात वापरण्याजोग्या शुद्ध कोळशास ही संज्ञा लावतात. ही अतिशय बारीक, काळी, गंधहीन व रुचिहीन भुकटी असते. ती पाण्यात विरघळत नाही, अन्नमार्गात पचत नाही व आतड्यातून रक्तात शोषली जात नाही. घेतली तेवढी मलाबरोबर बाहेर पडते. तिचे सर्व कार्य जठर व आतडी यांच्या पोकळीतच घडते. या औषधाचे गेल्या दोन शतकांतील बहुतेक यश आणि त्याविषयीचे बहुतेक गैरसमज या एकाच गोष्टीतून उद्‌भवलेले आहेत.

कोळशाचे कार्य अधिशोषणाने होते. अधिशोषणात पदार्थाचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागास चिकटून राहतात, त्याच्या अंतर्भागात मिसळत नाहीत. म्हणून पृष्ठभाग जितका मोठा तितका गुण अधिक. चुलीतल्या कोळशाची छिद्रे डांबरी द्रव्यांनी बुजलेली असतात. तोच कोळसा सु. ८०० ते १,०००° से. तापमानास वाफेच्या झोतात तापविला म्हणजे ही द्रव्ये जळून जातात व असंख्य सूक्ष्म रंध्रे मोकळी होतात. अशा एक ग्रॅम कोळशाचे पृष्ठफळ १,००० चौ. मी. किंवा त्याहूनही अधिक भरू शकते. घरच्या कोळशाची पूड म्हणजे औषधी कोळसा नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

राख, मषी आणि भस्म : या तिन्ही शब्दांची लोकव्यवहारात गल्लत होते. लाकूड पूर्ण जळून उरते ती राख. तीत कार्बन जवळजवळ नसतो, पोटॅशियम, कॅल्शियम इत्यादींची कार्बोनेटे व ऑक्साइडे असतात. आयुर्वेदातील क्षारकल्पना या राखेच्या विद्राव्य अंशावर आधारलेली आहे. धातू, शंख, शिंपले यांची भस्मे ही निराळ्याच रासायनिक जातीची असून शंखभस्मासारख्या औषधाने आम्लपित्तात मिळणारा आराम आम्लाच्या उदासिनीकरणामुळे मिळतो, अधिशोषणामुळे नव्हे. कोळशाशी खरे नाते मषीचे आहे. वनस्पतिज वा प्राणिज द्रव्य काळे पडेपर्यंतच जाळून मषी करतात. उचकी व वांती यांवर मधातून देण्यात येणारी मयूरपिच्छाची मषी प्रसिद्ध आहे. मात्र मषीची मात्रा गुंजांच्या मापाची, तर विषबाधेत लागणारा कोळसा अनेक तोळ्यांचा. तेव्हा आधुनिक उपयोगाचे मूळ मषीत शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. दात घासण्याची राखुंडी, तसेच वाळू व कोळसा घातलेली तीन मडक्यांची पाण्याची गाळणी ही महाराष्ट्रातील घरगुती उदाहरणे होत. गाळणीतील कोळसा पाण्याचा वास व रंग घालवीत असे. पटकीचे जंतू मात्र त्यातून बिनदिक्कत पार होत. नितळ दिसणारे पाणी निर्दोष असते या समजुतीची किंमत एकोणिसाव्या शतकात अनेक गावांनी मोजली.

यूरोपातील आरंभ : टोबिआस लोव्हिट्स या रसायनशास्त्रज्ञांना सेंट पीटर्झबर्ग येथे १७८५ मध्ये कोळशाने टार्टारिक अम्लाचा विद्राव वर्णहीन होतो असे आढळले. पुढे हाडांचा कोळसा साखर शुद्ध करण्यासाठी सर्रास वापरण्यात येऊ लागला. (या प्रक्रियेचा उल्लेख महाराष्ट्रात एका वेगळ्याच संदर्भात झाला : स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवरील एक मोठा आक्षेप ती हाडांच्या कोळशातून गाळलेली असते हा होता.)

विषावरील गुणाची प्रात्यक्षिके नाट्यमय होती. फ्रान्समधील बेरत्राँ यांनी १८१३ मध्ये कोळशाबरोबर सोमल (आर्सेनिक) घेऊन दाखविल्याचे सांगतात. १८३१ मध्ये तूएरी या औषधशास्त्रज्ञांनी फ्रेंच अकादमीपुढे सु. १५ ग्रॅम कोळशासह स्ट्रिक्नीन प्राशन केले. त्याची मात्रा मारक मात्रेच्या दहापट होती असे म्हणतात. ते सुखरूप राहिले. स्ट्रिक्नीन हे महाराष्ट्रात कुचला वा काजरा या नावाने परिचित असलेल्या झाडाच्या बियांतील अल्कलॉइड होय. विष व कोळसा एकाच वेळी पोटात गेल्याने हा प्रयोग यशस्वी झाला, ही गोष्ट प्रेक्षकांच्या नजरेतून निसटली. ती इंग्लंडमधील ॲल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी १८४६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांनी नीट मांडली. विषाच्या मानाने कोळसा पुष्कळ हवा आणि विष रक्तात जाण्यापूर्वी तो पोहोचला पाहिजे, हे त्यांचे दोन निष्कर्ष आजही अबाधित आहेत.

पचनाच्या तक्रारींसाठी कोळशाचा प्रसार मात्र अशा प्रयोगांवाचूनच झाला. फ्रान्समध्ये बेलॉक यांचा पॉप्लर झाडाचा कोळसा आणि इंग्लंडमध्ये कोळशाची बिस्किटे एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झाली. शतकाच्या अखेरीस बृहदांत्रातील जंतूंमुळे अन्न कुजते व त्या विषांनी शरीर हळूहळू झिजते, हा स्वयंविषबाधेचा सिद्धांत पुढे आला. इल्या म्येच्‌निकॉव्ह यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञाचा त्यास पाठिंबा होता. त्यांचा स्वतःचा भर आंबवलेल्या दुधातील जंतूंवर होता. तथापि आतडे ‘स्वच्छ’ करण्याच्या कल्पनेचा लाभ कोळशाच्या विक्रेत्यांनाही झाला. सिद्धांत पुढे मागे पडला, कल्पना टिकून राहिली. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रेयको यांनी वाफेच्या व रसायनांच्या साहाय्याने कोळसा सक्रियित करण्याची एकस्वे घेतली आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांमुळे त्याचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले.

भारतात व खानदेशात : ब्रिटिश औषधिकोशाच्या १८६० नंतरच्या दशकातील आवृत्त्यांत लाकडी कोळसा, प्राणिज कोळसा व कोळशाचे पोटीस यांचा समावेश होता; तेथून ही औषधे मुंबई इलाख्यातील सरकारी दवाखान्यांच्या परिचयाची झाली. होमिओपॅथीतील ‘कार्बो व्हेज’ हे मुळात लाकडी कोळशापासून केलेले औषध वातविकारावर घरोघर पोहोचले. त्यातील विरलीकरण लक्षात घेता अधिशोषणाला त्यात वावच राहत नाही. विसाव्या शतकात मुंबईच्या युनिकेम लॅबोरेटरीजची (स्थापना १९४४) ‘युनिएन्झाइम’ ही काळी गोळी जेवणानंतर घेण्याची सवय मराठी मध्यमवर्गात रुजली. तीत कवकजन्य डायास्टेज व पपईच्या चिकातील पपेन या एंझाइमांबरोबर सु. ७५ मिग्रॅ. सक्रियित कोळसा असतो. वायूविषयीच्या प्रयोगांत वापरलेल्या मात्रांशी ताडून पाहता हे प्रमाण अगदी अल्प आहे. शिवाय प्रथिनांचेही अधिशोषण करू शकणारा पदार्थ आणि प्रथिनरूप एंझाइमे एकाच गोळीत घालण्याची योजना तर्काला फारशी पटणारी नाही.

खानदेशात कोळसा हा प्रथम इंधन व व्यापाराचा जिन्नस होता. सातपुड्यातील धावडा, खैर, अंजन यांसारखी जड लाकडे रचून, पालापाचोळा व माती यांनी झाकून आतल्या आत धुमसू देण्याची भट्टीची पद्धत सर्वत्र रूढ होती. जळगावच्या पूर्वेस सु. १० किमी. वरील नशिराबाद हे असेच भट्ट्यांशी परिचित गाव. एकोणिसाव्या शतकात अविभक्त खानदेश जिल्ह्यातील एका तालुक्यास त्याचे नाव होते व काचेच्या बांगड्यांसाठी ते ओळखले जाई. या प्रदेशाच्या आहारात डाळींचे प्रमाण मोठे आहे. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, तुरीचे वरण व बट्टी हे नित्याचे पदार्थ. डाळींतील रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा मानवी एंझाइमांनी पचत नाहीत. त्या बृहदांत्रात पोहोचून तेथील सूक्ष्मजंतूंचे खाद्य होतात आणि हायड्रोजन, कार्बन डाय-ऑक्साइड व काहींच्या बाबतीत मिथेन निर्माण होतो. पोटात वायू धरणे हा म्हणून रोग नसून बहुधा जंतूंच्या नित्य व्यवहाराचा परिणाम असतो. हिंग, ओवा व सैंधव यांच्या फोडणीने खानदेशी स्वयंपाकघराने त्याची दखल कोळशाची जाहिरात येण्याच्या फार पूर्वीच घेतली होती.

याच प्रदेशात कोळशाची खरी गरज वेगळ्या कारणाने भासते. हा कपाशीचा मुलूख आहे. कीटकनाशके शेतकऱ्याच्या घरात असतात. पिवळी कण्हेर (बिट्टी) कुंपणांवर व देवळांच्या आवारात फुललेली असते. तिच्या बियांतील ग्लायकोसाइडे हृदयाची गती बिघडवितात. बाधा झालेल्या माणसास एका तासाच्या आत कोळसा मिळाला, तर उपयोगाची शक्यता सर्वाधिक असते, असे विषविज्ञांच्या अमेरिकन व यूरोपीय संघटनांच्या १९९७ च्या व २००५ मध्ये सुधारलेल्या संयुक्त निवेदनात म्हटले आहे. नशिराबादसारख्या महामार्गावरील गावाहून जळगावचे रुग्णालय या वेळात गाठता येते. सातपुड्याच्या पाड्यांवरून ते बहुधा साधत नाही. प्रौढास सामान्यतः ५० ग्रॅम, तर मुलास शरीराच्या वजनाच्या दर किग्रॅ.ला सु. १ ग्रॅम इतका कोळसा पाण्यात कालवून देतात. बेशुद्ध वा गुंगीतील रोग्यास तो तोंडाने पाजल्यास फुप्फुसात जाऊन जीवावर बेतते. म्हणून हे काम घरी करण्याचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या याद्यांत सक्रियित कोळशास स्थान आहे.

त्याचा प्रभाव सर्व विषांवर पडत नाही. तीव्र अम्ले व दाहक अल्कली, रॉकेल, मद्य, लोह व लिथियम यांवर तो निरुपयोगी ठरतो. पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ शिकविला गेलेला ‘सार्वत्रिक उतारा’ (कोळसा, टॅनिक अम्ल व मॅग्नेशियम ऑक्साइड) आणि त्याची जळक्या पावाची घरगुती आवृत्ती ही दोन्ही आता त्याज्य मानली जातात. कण्हेरीविषयीचा पुरावा श्रीलंकेतील आहे व तो परस्परविरोधी आहे. २००३ च्या चाचणीत वारंवार कोळसा दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण २.५ टक्के, तर तुलनेच्या गटात ८ टक्के आढळले. उलट २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कीटकनाशके व कण्हेर यांच्या ४,६३२ रुग्णांच्या चाचणीत कोळसा दिलेले व न दिलेले यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला वेळ व विषाचा प्रकार यांमुळे असा फरक पडू शकतो. गॅरड यांचा दुसरा निष्कर्ष येथे आठवतो.

वायू व आंत्रजंतू : पोटातील वायूवरील प्रयोगांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. जैन, पटेल व पिचुमोनी यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील ३० व भारतातील ६९ व्यक्तींवर दुहेरी अंध चाचणी केली. आहार व आंत्रजंतू भिन्न असलेले दोन समाज त्यांनी मुद्दाम निवडले होते. लॅक्चुलोज दिल्यानंतर श्वासातून बाहेर पडणारा हायड्रोजन व पोटफुगी ही दोन्ही कोळशाने दोन्ही देशांत कमी झाल्याचे त्यांना आढळले. पण पॉटर, एलिस व लेव्हिट (१९८५) यांना असा परिणाम दिसला नव्हता. पुढे १९९९ मध्ये स्वारेझ, लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोज चार वेळा सु. अर्धा ग्रॅम कोळसा आठवडाभर देऊन पाहिला, तेव्हा दुर्गंधी गंधकी वायूही घटले नाहीत. कोरडा कोळसा हे वायू सहज धरतो. बृहदांत्रापर्यंत पोहोचेतो मात्र त्याची रंध्रे पित्त, मेद व अन्नांश यांनी भरून गेलेली असतात. हायड्रोजनाचे अधिशोषण तर शरीराच्या तापमानास जवळजवळ होतच नाही. असे असूनही यूरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये, जेवणापूर्वी निदान अर्धा तास १ ग्रॅम व जेवणानंतर लगेच १ ग्रॅम घेतल्यास अतिरिक्त वायू कमी होण्यास हातभार लागतो, असा दावा ग्राह्य धरला.

कोळसा वाईट जंतू वेचून काढतो व चांगले ठेवतो, ही विक्रेत्यांची भाषा निराधार आहे. त्याला पृष्ठभाग आहे, विवेक नाही. जंतूंवर त्याचा परिणाम बव्हंशी अप्रत्यक्ष, म्हणजे त्यांच्या भोवतीची द्रव्ये अडविल्याने होतो. जपानमध्ये १९९१ पासून वापरात असलेला गोलाकार कणांचा विशिष्ट कोळसा जंतुनिर्मित इंडोल आतड्यातच धरतो, त्यामुळे वृक्कविकारात रक्तातील एक विष घटते. तथापि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत वृक्कांचा ऱ्हास मंदावल्याचे सिद्ध झाले नाही. याहून आशादायक प्रयोग फ्रान्समधील होय. लघ्वांत्राच्या शेवटापर्यंत आवरणात सुरक्षित राहणारा कोळसा प्रतिजैविकाबरोबर दिल्यास औषध रक्तात पुरेसे पोहोचते, पण बृहदांत्रात उरलेला अंश कोळसा धरून ठेवतो. २०१८ मध्ये ४४ निरोगी स्वयंसेवकांवरील चाचणीत मलातील मुक्त मॉक्सिफ्लॉक्सासिनाचे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटले व जंतूंची विविधता बव्हंशी टिकून राहिली. बाजारातील साध्या गोळीत असे आवरण नसते; ती प्रतिजैविकाबरोबर घेतल्यास औषध जठरातच अडकून उपचारच निष्फळ होण्याचा संभव असतो.

अतिसार व पटकी यांतही कोळसा दिला जात असे. या रोगांत मृत्यू येतो तो पाणी व लवणे गेल्यामुळे, आणि त्यांची भरपाई कोळशाने होत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हे काम साधते हे सिद्ध केले. लहान मुलाच्या हगवणीत जलसंजीवनीऐवजी काळी गोळी देण्यात गेलेला वेळ घातक ठरतो.

दुष्परिणाम : नित्य सेवनाने बद्धकोष्ठ होते, आंत्रमार्ग अगोदरच अरुंद वा मंद असल्यास अवरोधाचा धोका असतो. अपस्मारावरील कार्बामाझेपीन व फेनोबार्बिटल, दम्यावरील थिओफायलीन, हृदयविकारावरील डिजॉक्सिन व संततिप्रतिबंधक गोळ्या यांचे अधिशोषण होऊन त्यांचा परिणाम घटू शकतो. यांतील काही औषधे रक्तातून पुन्हा आतड्यात उतरतात, म्हणून आधी घेतलेल्या मात्रेवरही कोळशाचा परिणाम होतो. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये खाद्यपेयांत कोळसा मिसळण्यास मनाई केली. कोळसा घेणाऱ्याचा मल काळा होतो. जठरातील व्रणातून रक्त वाहू लागल्यासही मल काळाच होतो, त्यामुळे रोज कोळसा घेणाऱ्या रोग्यात हे लक्षण झाकले जाते व निदानास उशीर होतो.